बायपोलरच्या औषधांचे दुष्परिणाम : घरात होणाऱ्या या चुका टाळा

बायपोलर आजारात उन्मादाचा, म्हणजे अतिउत्साहाचा, आणि नैराश्याचा काळ आलटून-पालटून येतो. त्याची औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात आणि त्यांचे दुष्परिणाम कमी-अधिक प्रमाणात बहुतेकांच्या वाट्याला येतात. हात थरथरतात, तहान भागत नाही, वजन वाढते, सकाळी डोके जड राहते. डोस, गोळीची वेळ किंवा औषधच बदलून यांतल्या बऱ्याच त्रासांवर तोड काढता येते. परंतु डॉक्टरांपर्यंत तक्रार पोहोचण्याआधीच घरात परस्पर काही ठरवले जाते. कोणी गोळी अर्धी करतो, कोणी जेवणातले मीठ काढून टाकतो, कोणी गुडघेदुखीसाठी दुकानातून गोळी आणतो, आणि मूळ त्रासापेक्षा हे निर्णयच अधिक महागात पडतात. लिथियम हे औषध घेणाऱ्यांच्या बाबतीत हे सर्वाधिक खरे असल्याने सुरुवात त्याच्यापासून करतो.

मीठ, पाणी आणि लिथियम

ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावरील लिथियमचा उपयोग प्रसिद्ध केला. इतक्या वर्षांनंतरही आजार पुन्हा उसळू नये यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांत त्याचे स्थान वरचेच आहे. अडचण अशी, की गुण देणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यांत अंतर थोडे आहे. रक्तातील पातळी साधारणतः लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल ठेवतात, आणि ती १.५ च्या पुढे गेली की विषबाधेचा धोका स्पष्टपणे वाढतो. लिथियम मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. शरीरात मीठ किंवा पाणी कमी पडले की मूत्रपिंड मिठातले सोडियम धरून ठेवू लागते आणि त्याच्याबरोबर लिथियमही मागे राहते, त्यामुळे गोळ्या तेवढ्याच असूनही पातळी मात्र चढत जाते.

आता आपल्या घरांतले चित्र पाहावे. रक्तदाब थोडा वाढलेला आढळला म्हणून सगळ्या घराचा स्वयंपाक एका दिवसात अळणी होतो. आषाढीचा किंवा नवरात्राचा उपवास कोणी निर्जळी करतो. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात शेतावर किंवा बांधकामावर दिवसभर घाम गाळला जातो. ‘पोट साफ’ व्हावे म्हणून रेचक चूर्ण घेतले जाते, किंवा सूज उतरावी म्हणून लघवी वाढवणारा काढा घेतला जातो. लिथियम घेणाऱ्याच्या बाबतीत यांतली प्रत्येक गोष्ट पातळी वाढवू शकते. उपवास करूच नये असे नाही. पण पाणी आणि मीठ सोडायचे नाही आणि उपवासाची कल्पना डॉक्टरांना आधी द्यायची, एवढे पथ्य पाळावे. रोजच्या जेवणातले मीठ नेहमीएवढेच असू द्यावे, एकदम वाढवूही नये, कारण मीठ अचानक वाढले तर पातळी उतरते आणि औषधाचा गुण कमी होतो. चहा-कॉफीचेही तसेच आहे. थरथर वाढते म्हणून चहा कमी करणे योग्यच, परंतु दिवसाचे सहा कप एका दिवसात बंद केले तर लिथियमची पातळी वर सरकू शकते. म्हणून तो हळूहळू कमी करावा.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर ‘एक दिवस बघू’ म्हणून थांबू नये. ओआरएस सुरू करावे आणि पुढची गोळी घ्यायची की नाही हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारावे.

लिथियमची तहान वेगळीच असते, पाण्याने पोट भरते तरी घसा कोरडाच राहतो. ती भागवण्यासाठी सरबते आणि थंड पेये घरात येऊ लागतात, आणि काही महिन्यांनी वजनाचा दोष पूर्णपणे गोळीवर टाकला जातो. साधे पाणी किंवा पातळ ताक जवळ ठेवावे. रात्रीतून अनेकदा लघवीला उठावे लागत असेल तर ते सोसत बसण्यासारखे नाही. डोसची विभागणी बदलून त्यात फरक पडू शकतो.

दुखण्याची गोळी

ही चूक मला सर्वांत घातक वाटते, कारण ती करणाऱ्याला आपण काही चुकीचे करतो आहोत असे वाटतच नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफेनॅक या वेदनाशामकांमुळे लिथियम बाहेर टाकण्याचे मूत्रपिंडाचे काम मंदावते आणि काही दिवसांतच पातळी वाढू शकते. कंबर किंवा दाढ दुखली की औषधाच्या दुकानात जी गोळी हातावर ठेवली जाते, तिच्या पट्टीवर पुष्कळदा ‘ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामोल’ अशी दोन नावे छापलेली असतात. घरातले दुसरे नाव वाचून निर्धास्त होतात. लिथियमबरोबर ताप किंवा दुखण्यासाठी नुसते पॅरासिटामोल चालते, ही जोडगोळी नव्हे. म्हणून पट्टी उलटी करून बारीक अक्षरे वाचावीत. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल यांसारखी रक्तदाबाची औषधे आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांचाही असाच परिणाम होतो. फॅमिली डॉक्टर, दंतवैद्य, हाडांचे डॉक्टर, प्रत्येकाला ‘लिथियम चालू आहे’ हे वाक्य गोळी लिहून घेण्याआधी सांगावे. मानसिक आजाराची औषधे चालू आहेत हे सांगायला संकोच वाटतो, आणि तो का वाटतो हेही मी जाणतो, पण येथे संकोचाची किंमत थेट मूत्रपिंडे आणि मेंदू मोजतात.

हाताची बारीक थरथर, जी कप उचलताना किंवा सही करताना जाणवते, ती लिथियमवर असलेल्या अनेकांना असते. तीच थरथर जाड होऊन हातातला चमचा सांडू लागला, बोलणे अडखळू लागले, चालताना तोल जाऊ लागला, उलट्या-जुलाब आणि गुंगी आली, स्नायू आपोआप उडू लागले, तर ती विषबाधा असू शकते. घरात याला ‘पित्त झाले’ म्हटले जाते, आणि तरुण मुलगा असेल तर तो पिऊन आला आहे असेही समजले जाते. अशा वेळी पुढची गोळी देऊ नये आणि सगळ्या औषधांच्या पट्ट्या घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे. दीर्घकाळ लिथियम घेणाऱ्यांत, विशेषतः वयस्कर माणसांत, पातळी फारशी वाढलेली नसतानाही ही लक्षणे दिसू शकतात; त्यामुळे केवळ ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ यावर विसंबू नये.

रक्त चुकीच्या वेळी देणे

लिथियमची पातळी शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी मोजायची असते. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊच्या सुमारास रक्त द्यावे, आणि सकाळची गोळी असल्यास ती सोबत न्यावी व रक्त दिल्यानंतर घ्यावी. गोळी घेऊन लगेच लॅबमध्ये गेल्यास आकडा फुगलेला येतो, त्यावरून डोस कमी होतो आणि दोन-तीन महिन्यांनी आजार उसळतो. दोष कोणाचा, हे तेव्हा कोणालाच कळत नाही. रक्त ज्या नळीत घेतात तिचाही एक मुद्दा आहे. काही नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपारिन घातलेले असते आणि त्यामुळे पातळी खोटी वाढलेली दिसते. आकडा अनपेक्षितपणे मोठा आला आणि रुग्णाला काहीच त्रास नसेल, तर नळी कोणती होती हे लॅबला विचारायला हरकत नाही. पातळीबरोबर क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि कॅल्शियम या तपासण्या साधारणतः दर सहा महिन्यांनी होतात. लिथियममुळे थायरॉइडचे काम मंदावू शकते, आणि मग येणारा थकवा, सुस्ती व उदासी पाहून घरचे समजतात की नैराश्य परत आले.

बरे वाटले म्हणून गोळ्या बंद

लिथियम अचानक बंद केल्यास पुढच्या काही महिन्यांत उन्माद उसळण्याचा धोका लक्षणीय वाढतो. बंद करायचेच ठरले तर डॉक्टर ते किमान चार आठवडे, शक्यतो तीन महिन्यांपर्यंत, टप्प्याटप्प्याने उतरवतात. एखादी गोळी राहिली म्हणून दुसऱ्या वेळी दोन घेऊ नयेत.

लॅमोट्रिजीन या बायपोलरच्या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत चूक उलट दिशेने होते. हे औषध फार हळू वाढवावे लागते, कारण घाईने वाढवल्यास त्वचेची गंभीर, जिवावर बेतणारी प्रतिक्रिया होऊ शकते. सलग पाच दिवसांहून अधिक खंड पडला असेल तर पूर्वीच्या पूर्ण डोसने पुन्हा सुरुवात करू नये. डॉक्टर पुन्हा तळापासून डोस बांधून देतात. अंगावर पुरळ उठले, तोंडात फोड आले किंवा त्याबरोबर ताप आला, तर घामोळे समजून पावडर लावत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

वजन आणि बेचैनी

ओलान्झापिन, क्विटियापिन आणि व्हॅल्प्रोएट यांच्यामुळे भूक वाढते, आणि ती मनाच्या दुबळेपणाने वाढत नाही, हे घरातल्यांनी आधी मान्य करावे. ‘जरा तोंडावर ताबा ठेव’ हे वाक्य ऐकून कित्येकांनी गोळ्या गुपचूप फेकून द्यायला सुरुवात केली आहे. औषध सुरू होतानाच वजन, कमरेचा घेर, साखर आणि चरबीची तपासणी करून आकडे लिहून ठेवावेत. भारतीयांत कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या पुढे गेला की जोखीम वाढलेली मानतात. पहिल्या काही आठवड्यांतच वजन झपाट्याने वाढताना दिसले तर लगेच सांगावे. औषध बदलता येते, आणि काही रुग्णांना डॉक्टर मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषधही देतात. वीस किलो वाढल्यानंतर ती लढाई फार अवघड होते.

ॲरिपिप्राझोलसारख्या औषधांनी काहींना एका जागी बसवत नाही. पाय सतत हलतात, माणूस घरात येरझाऱ्या घालतो, आतून तगमग होते. घरच्यांना हा उन्माद वाटतो, तसे डॉक्टरांना सांगितले जाते आणि मग डोस वाढू शकतो, म्हणजे त्रासही वाढतो. डोस बदलल्यावर किती दिवसांनी ही तगमग सुरू झाली, हे सांगितल्यास फरक ओळखणे सोपे जाते.

मुलींच्या आणि तरुण स्त्रियांच्या बाबतीत

सोडियम व्हॅल्प्रोएट आणि डायव्हॅल्प्रोएक्स ही एकाच घराण्यातली नावे आहेत. गरोदरपणात हे औषध चालू राहिल्यास साधारण दहापैकी एका बाळात जन्मजात व्यंग आढळते, आणि दहापैकी तीन-चार मुलांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होऊ शकतो. तरीही लग्न ठरवताना आजार लपवला जातो, मग गोळ्याही लपवाव्या लागतात, आणि दिवस राहिल्यावर घाबरून सगळे एकदम बंद होते. मूल होण्याचा विचार होण्याच्या कितीतरी आधी औषधाची फेरआखणी व्हायला हवी. दिवस राहिलेच असतील तर स्वतःहून काही बंद न करता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना गाठावे.

डॉक्टरांना अर्धवट सांगणे

‘गोळ्यांनी त्रास होतो’ एवढ्या वाक्यावर डॉक्टरांना फारसे काही करता येत नाही. कोणता त्रास, गोळीनंतर किती वेळाने, कोणता डोस बदलल्यापासून, आणि त्यामुळे कोणते काम अडते, हे चार ओळींत लिहून न्यावे. जवळ मनोविकारतज्ज्ञ नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. भेटीच्या वेळी बहुतेकदा आई, वडील किंवा नवरा शेजारी बसलेला असतो आणि उत्तरेही तोच देतो. त्यामुळे लैंगिक इच्छा कमी होणे, पाळी चुकणे, स्तनांतून दूध येणे, मन बोथट झाल्यासारखे वाटणे, किंवा गोळ्या मध्येच बंद केलेल्या असणे, यांतले काहीच बाहेर येत नाही. शुभंकर, म्हणजे रुग्णाची काळजी घेणारा, म्हणून सोबत जाणाऱ्याने आपले निरीक्षण सांगून झाले की स्वतःहून उठून बाहेर बसावे आणि पाच मिनिटे रुग्णाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्यावे.