रॅटच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सकडून स्ट्रायटमकडे जाणारे तंतू ट्रेसरने कसे शोधावेत

ट्रेसर म्हणजे चेतापेशीत शिरून तिच्या तंतूंमधून पसरणारा, नंतर रंगवून पाहता येणारा पदार्थ. तो प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या पुढच्या भागातल्या बाह्य थरात) टोचणं हा या कामातला सोपा भाग. स्ट्रायटममध्ये (मेंदूच्या आतल्या एका मोठ्या केंद्रात) दिसणारा रंगीत तंतू तिथे संपतो आहे की नुसता तिथून पुढे चालला आहे, हे ओळखणं कठीण. रॅटमध्ये अंतर्गत कॅप्सूलचे (कॉर्टेक्सला खालच्या भागांशी जोडणाऱ्या मोठ्या मार्गाचे) तंतू जुड्याजुड्यांनी थेट स्ट्रायटममधूनच जातात, त्यामुळे हा घोळ हमखास होतो.

आधी काय दिसायला हवं ते डोक्यात पक्कं असू द्या. प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या प्रीलिंबिक भागातून तंतू मुख्यतः पृष्ठमध्य (वरच्या, मध्यरेषेकडच्या) स्ट्रायटममध्ये आणि न्यूक्लियस अ‍ॅकम्बेन्सच्या कोअरमध्ये जातात (हा स्ट्रायटमचाच खालचा भाग; कोअर म्हणजे त्याचा गाभा, शेल म्हणजे कवच). प्रीलिंबिकखालच्या इन्फ्रालिंबिकचे तंतू शेलच्या मध्य भागात जास्त मिळतात. काही तंतू स्ट्रायटममध्ये न थांबता सबथॅलॅमिक न्यूक्लियस या आणखी मागच्या, खोल केंद्राच्या मध्य टोकाला जाऊन भिडतात, तेव्हा काप तिथपर्यंत घ्या.

प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी हाती आल्याशिवाय सुरुवात नाही. पॅक्सिनोस आणि वॉटसन यांचा अ‍ॅटलास (रॅटच्या मेंदूचा नकाशा) साधारण 290 ग्रॅमच्या नर विस्टार रॅटवर बेतलेला आहे. तुमचा प्राणी लहान असेल तर मापं सरकतात. माउसला तर ती लागूच नाहीत. आयसोफ्लुरेनच्या भुलेखाली डोकं स्टिरिओटॅक्सिक चौकटीत (डोकं घट्ट धरून मापं घेणाऱ्या चौकटीत) बसवा. ब्रेग्मा आणि लॅम्डा या कवटीच्या सांध्यांवरच्या पुढच्या आणि मागच्या खुणांच्या उंचीतला फरक 0.1 मिमीच्या आत आणा. इथे घाई केली की पुढची सगळी मोजमापं तिरपी जातात. प्रीलिंबिकसाठी ब्रेग्मापुढे सुमारे 3 मिमी, मध्यरेषेपासून 0.6 ते 0.7 मिमी आणि कवटीच्या पृष्ठभागापासून 3.5 ते 4 मिमी खोल. पहिल्या एक-दोन प्राण्यांवर फक्त सुईची जागा तपासा.

मध्यरेषेवर मोठी शीर आहे. ड्रिल तिला लागलं तर रक्तस्राव आवरणं अवघड, म्हणून हाड पातळ होईपर्यंत घासा आणि शेवटचा पापुद्रा बारीक चिमट्याने उचला.

ट्रेसर म्हणून बायोटिनिलेटेड डेक्स्ट्रान अमाइन 10,000 डाल्टनचंच घ्या. 3,000 डाल्टनचं उलट्या दिशेने, म्हणजे तंतूच्या टोकाकडून पेशीकडे, जास्त जातं. फॉस्फेट बफरमध्ये 10 टक्के द्रावण, काचेच्या पिपेटचं टोक 15 ते 20 मायक्रॉन. ट्रेसर बाहेर ढकलायला पिपेटमधून धन विद्युतप्रवाह 5 मायक्रोअँपिअर, 7 सेकंद चालू, 7 सेकंद बंद, असं 10 मिनिटं. नंतर पिपेट 5 ते 10 मिनिटं जागीच ठेवा. लगेच ओढलीत तर द्रावण तिच्या मागोमाग वर चढतं आणि वरचा अँटिरिअर सिंग्युलेट भागही रंगतो. मध्यरेषा ओलांडून थेंब पलीकडच्या गोलार्धात गेला, तर विरुद्ध बाजूच्या स्ट्रायटममधलं चित्र निरुपयोगी समजा.

वेदनाशामक पशुवैद्याने ठरवलेल्या मात्रेत द्या. 7 ते 10 दिवसांनी खोल भूल देऊन आधी सलाइन आणि मग 4 टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडने परफ्यूजन करा, म्हणजे ही द्रावणं हृदयातून रक्तवाहिन्यांत सोडा. यकृत फिकट पडलं नाही तर रक्त धुतलं गेलेलं नाही, आणि मग रक्तपेशींतलं पेरॉक्सिडेज डीएबी या रंग देणाऱ्या रसायनासोबत तपकिरी ठिपके उठवतं. मेंदू 30 टक्के सुक्रोजमध्ये तळाशी बसेपर्यंत ठेवा, 40 मायक्रॉनचे काप घ्या आणि एबीसी (बायोटिनला चिकटणारं पेरॉक्सिडेजयुक्त मिश्रण) व डीएबीने रंगवा. निकेल घातल्यास तंतू काळे उठून दिसतात.

आता वाचन. जुड्यांत सरळ, गुळगुळीत धावणारे तंतू वाटसरू आहेत. जुड्यांबाहेर पसरलेले, मण्यांसारख्या गाठी असलेले तंतू म्हणजे तिथली टोकं. मोजायचे ते हेच. बेसोलॅटरल अमिग्डालात किंवा थॅलॅमसमध्ये (ही दोन्ही केंद्रं कॉर्टेक्सकडे तंतू पाठवतात) रंगलेल्या पेशी दिसल्या तर सावध व्हा. ट्रेसर उलट दिशेने त्यांच्यात गेला आहे आणि स्ट्रायटममधले काही तंतू त्यांच्या फांद्या असू शकतात.

म्हणून उलटी तपासणी कराच: स्ट्रायटममध्ये कॉलरा टॉक्सिन बी हा उलट्या दिशेने जाणारा ट्रेसर टोचून कॉर्टेक्समधल्या पेशी पाहा. पाचव्या थरात, आणि काही प्रमाणात दुसऱ्या-तिसऱ्या थरात, त्या दोन्ही गोलार्धांत मिळायला हव्यात. सहाव्या थरात बऱ्याच पेशी रंगल्या असतील, तर त्या बहुधा थॅलॅमसकडे जाणाऱ्या आहेत: सुईने वाटेतले तंतू दुखावले आणि त्यांनीच ट्रेसर उचलला. अशा प्राण्याची नोंद ठेवा, पण मोजणीत धरू नका.