अल्बममधला काळोख नेमका कुठून येतो, हे कसे ओळखावे

इलेक्ट्रॉनिक संगीताच्या एखाद्या अल्बमची उदासी समजून घ्यायची असेल, तर ‘रात्री दिवे मालवून ऐका’ हा सल्ला आधी बाजूला ठेवावा. खोली अंधारी केली की काहीही गूढच वाटते आणि त्यातले अल्बमचे किती, खोलीचे किती, हे कळेनासे होते. भर दुपारी ऐकावे. उदाहरणासाठी लंडनच्या बेरियल या संगीतकाराचा २००७ मधला ‘अनट्रू’ हा अल्बम घेऊ.

पहिल्यांदा तो सलग ऐकावा, काही लिहू नये.

मग गळ्याकडे वळावे. मला सर्वांत जास्त झगडावे लागले ते इथेच, कारण सवाईच्या मांडवात तयार झालेला पुणेरी कान आधी गाणाऱ्याला आणि मग बोलांना शोधतो. ‘अनट्रू’मध्ये मात्र दुसऱ्यांच्या गाण्यांतले तुकडे कापून त्यांचा स्वर इतका वरखाली ओढला आहे की गळा बाईचा की पुरुषाचा, हेही कित्येकदा सांगता येत नाही. त्यातल्या ‘आर्केंजल’ या गाण्याचे शब्द लावत बसू नका, इंटरनेटवरचे बोल समोर धरून तर मुळीच नको. ओळ पुरी होण्याआधी तुटते आणि तोच तुकडा परत येतो, हे ऐका. कुणीतरी अगदी जवळून बोलत असूनही आपल्यापर्यंत पोहोचत नाही. एकटेपणा हा विषय या तुटण्यातून येतो, शब्दार्थातून नव्हे.

तालाच्या बाबतीत ‘उदास म्हणजे संथ’ हे समीकरण साफ चुकीचे आहे. हा ताल यूके गराज या ब्रिटिश क्लब-संगीताच्या टू-स्टेप वळणाचा, म्हणजे मूळचा नाचाचा आणि चांगला वेगवान आहे. केरव्याच्या सवयीने टाळी देऊ गेलात तर हात अडखळतो, कारण अपेक्षित ठोके गाळलेले असतात. त्यावर जुन्या तबकडीची खरखर आणि पावसाची रिपरिप पसरली आहे. नाच चालू आहे, नाचणारे निघून गेले आहेत.

‘होमलेस’, ‘डॉग शेल्टर’, ‘रेव्हर’ ही शीर्षके यानंतरच पाहावीत.

पावसाळ्यात कर्वे रस्त्यावरून जाताना हेडफोनमधला हा पाऊस आपलाच वाटेल, आणि तो तसा खुशाल वाटू द्यावा. अर्थ लिहिताना मात्र लंडनची रात्र लंडनचीच ठेवावी. लिहून झाल्यावर ‘गूढ’, ‘भयाण’ अशी विशेषणे असलेल्या प्रत्येक वाक्यासमोर तो परिणाम घडवणारा आवाज आणि त्याचे मिनिट-सेकंद नोंदवावे. नोंदवता आले नाही, तर वाक्य खोडावे.