पार्टसाठी जुनी गाडी कापताय? या चुका टाळा

ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी उतरली आणि पोरांना तिचं प्रेम एकदम आठवलं. एक पद्मिनी नव्यासारखी करायची आणि तिच्या पार्टसाठी दुसरी, पार सडलेली, भंगाराच्या भावात आणायची. इथवर ठीक. पण गाडी टेम्पोतून उतरते न उतरते तोच पोरगं ग्राइंडर, म्हणजे फिरत्या चाकाने पत्रा कापायचं मशीन, घेऊन तिच्यावर तुटून पडतं. दोन दिवसांनी मला फोन.

"काका, टाकी रिकामीच आहे." हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी वाईट. तळाशी उरलेल्या कपभर पेट्रोलची वाफ होते, ती हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत पसरते नाहीतर पिटमध्ये, म्हणजे गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात, साचते. आमच्याकडच्या एका पोराने टाकी दोन दिवस आधी नळीने उपसली, झाकण उघडं ठेवलं आणि डिकीचा तळ कापायला बसला. मी चहाला गेलो होतो. 'धप्प' आवाज आला, गच्चीवरून गादी टाकावी तसा. धावत आलो तर पोरगं भिंतीला टेकून उभं, भुवया गायब, उजव्या हाताची सालटी निघालेली, आणि मलाच विचारतंय, "पण टाकी तर रिकामी होती ना?" महिनाभर हात पट्टीत होता. तेव्हापासून टाकी आणि पेट्रोलची नळी पान्ह्याने उतरवून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेल्याशिवाय माझ्याकडे ग्राइंडरची पिन बोर्डात जात नाही. गाडी टॅक्सी असेल तर डिकीत सीएनजीचा सिलिंडर सापडेल. भरलेला असताना त्यात २०० बार दाब असतो. काटा शून्यावर दिसला तरी त्याला स्वतः हात लावू नका, सीएनजी किट बसवणाऱ्याला बोलवा.

दुसरी चूक रोजची. जाम नट दिसला की काप! ज्या बिजागरीसाठी गाडी विकत घेतली, तिचेच दोन तुकडे हातात घेऊन लोक माझ्याकडे आलेत. मी पहिल्या दिवशी फक्त वायर ब्रशने नट घासतो, गंज सोडवणारा स्प्रे मारतो आणि घरी जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्प्रे. तिसऱ्या दिवशी गोटी पाना (सॉकेट), तोही सहा कोनांचा, कारण बारा कोनांचा गंजलेल्या नटाच्या कडा खातो. नट आधी किंचित आवळायचा, 'कट्' झालं की मग सोडायचा. तीन दिवस कुणाला आहेत, असं पोरं म्हणतात. वीस वर्षं पावसात उभ्या गाडीला चालतं, यांना चालत नाही.

पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, सगळा भार बॉडीच घेते. दारांखालची पट्टी कापली की गाडी मधोमध खचते, काप हलतो, ग्राइंडरचं चाक त्यात अडकू शकतं आणि ग्राइंडर उसळून अंगावर येतो. म्हणून दारं आधी उतरवा आणि कापाच्या दोन्ही बाजूंना भक्कम स्टँड द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवणाऱ्याशी मी बोलत नाही. पत्रा हव्या त्या रेषेपासून दोन-तीन इंच सोडून कापा, बारीक काम नंतर टेबलावर होतं.

चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे घेतो, सात इंची चाक साधारण साडेआठ हजारांसाठी बनलेलं असतं. चाकावरचं संरक्षक गार्ड काढून ते सात इंची चाक छोट्या मशीनवर बसवणारे महाभाग आहेत. चाक फुटलं की तुकडा कुठे जाईल, ते तोच ठरवतो.

बाकीचं पटापट. बॅटरी आधी काढा, निगेटिव्ह वायर पहिली. गळ्यात गमछा नको, डोळ्यांवर चष्मा हवाच. पुढच्या सस्पेन्शनची स्प्रिंग दाबलेली असते, तिला धरून ठेवणारे आर्म (दांडे) कापू नका. ब्रेक ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते श्वासात गेलं की घातक. चेसिस नंबरचा पत्रा भंगारात टाकू नका, आणि आरटीओच्या कागदांचा निकाल कापण्याआधी लावा.

सीटचा फोम आणि मॅट आधीच बाहेर काढा. तरी कुठल्यातरी सांदीत ठिणगी धुमसत राहतेच. काम संपल्यावर अर्धा तास तिथून हलू नका, पाण्याची बादली जवळ ठेवा. मी हल्ली चहा तिथेच मागवतो.