गावच्या घरात एका सिमवर सगळ्यांना इंटरनेट

गणपतीत कोकणातल्या घरी पंधरा माणसं जमतात आणि हॉटस्पॉट कुणा एकाच्याच मोबाइलवर असतो. तो बाजारात गेला की इंटरनेटही त्याच्याबरोबर जातं. त्यापेक्षा सिमवर चालणारा, खिशात मावणारा वायफाय राउटर (बहुतेक जण त्याला सरसकट डोंगलच म्हणतात) घरात ठेवलेला बरा.

विकत घेण्याआधी घरात उभं राहून कुठल्या कंपनीची रेंज येते ते दोन-तीन मोबाइलवर बघा. काही राउटर एकाच कंपनीचं सिम घेतात, तेही दुकानातच विचारून घ्या.

१. राउटर बंद ठेवून सिम बसवा. वायफायचं नाव आणि पासवर्ड बहुधा मागच्या झाकणाखाली छापलेला असतो. झाकण लावण्याआधी त्याचा फोटो काढा.

२. आता जागा. खरी मेख इथेच आहे. टॉवरचा सिग्नल जाड जांभ्याच्या भिंतींतून आणि पत्र्याखाली क्षीण होतो. म्हणून राउटर माजघरात नको, टॉवरच्या बाजूच्या खिडकीत किंवा माळ्यावर ठेवा. फ्रिज, लोखंडी कपाट यांच्यापासून लांब. एकेका जागी दोन मिनिटं ठेवून वेग तपासा. हातभर सरकवल्यानेही फरक पडतो.

३. मोबाइल जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा स्टिकरवर असेल तो पत्ता उघडा, राउटरच्या सेटिंगचं पान येईल. वायफायचा आणि सेटिंगचा, दोन्ही पासवर्ड बदला. रेंज असून नेट चालत नसेल तर त्याच पानावर एपीएन (कंपनीच्या इंटरनेटला जोडण्यासाठी भरायचं नाव) तपासा: जिओचं ‘जिओनेट’, बीएसएनएलचं ‘बीएसएनएलनेट’, इंग्रजी लहान अक्षरांत सलग.

४. पहिल्या वर्षी आमचा दिवसाचा २ जीबी डेटा संध्याकाळच्या आरतीआधीच संपला. कुणी सिनेमा पाहिला नव्हता. फोनला वायफाय दिसलं की तो ते फुकटचं समजतो: फोटोंचा बॅकअप, अ‍ॅपचे अपडेट, व्हॉट्सअ‍ॅपवरचे सगळे व्हिडिओ आपोआप सुरू. म्हणून प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये त्या वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन ते ‘मीटर्ड’ (म्हणजे डेटा मोजून वापरायचं) करा. विंडोज लॅपटॉपवरही तेच, नाहीतर त्याचा एक अपडेट दिवसाचा डेटा गिळतो. मर्यादा संपली की अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, त्यात साधा फोटोही पटकन उघडत नाही.

राउटर रात्रंदिवस चार्जरला लावून ठेवू नका, बॅटरी फुगू शकते. फुगून झाकण वर आलेलं दिसलं तर राउटर लगेच बंद करा.