एअर पिस्तूलची साइट सेट करताना: आधी ग्रुप, मग स्क्रू

एक शॉट डावीकडे आठाच्या रिंगमध्ये गेला की लगेच रिअर साइटचा (नेम धरायच्या मागच्या पट्टीचा) स्क्रू फिरवायचा, पुढचा उजवीकडे गेला की परत उलटा, ही सवय १० मीटर एअर पिस्तूल शिकणाऱ्या बऱ्याच जणांना लागते आणि मग अख्खं सेशन साइटच्या मागे धावण्यातच जातं. साइट हलवायची ती ग्रुपसाठी, म्हणजे सलग मारलेल्या शॉटच्या पुंजक्यासाठी, एका शॉटसाठी कधीच नाही.

स्क्रूच्या आधी समोर काय दिसतंय ते नीट करा. फ्रंट साइटचा (नळीच्या पुढच्या टोकावरच्या खुंटीचा) माथा आणि रिअर साइटचा माथा एका रेषेत, नॉचमध्ये (रिअर साइटच्या खाचेत) खुंटीच्या दोन्ही बाजूंना सारखा उजेड, आणि नजर फ्रंट साइटवर. टार्गेट धूसरच दिसणार, दिसू दे. नॉचची रुंदी बदलता येत असेल तर सुरुवातीला उजेडाची फट जरा मोठी ठेवा, कारण फट फार बारीक केली की डोळा ताणून दमतो आणि शेवटच्या वीस शॉटमध्ये ते जाणवतं.

टार्गेटवरच्या काळ्या गोलाच्या मधोमध नेम धरू नका, काळ्यावर काळी साइट दिसतच नाही. काळ्याच्या खाली थोडा पांढरा पट्टा सोडून धरा. काळ्याला टेकवून धरणारेही आहेत, पण टेकलंय की आत घुसलंय हे दर वेळी ठरवत बसावं लागतं, म्हणून मला पांढरा पट्टाच बरा वाटतो.

साइट जुळवण्यावर एवढा भर का, तर हिशोब बघा. दोन साइटमधलं अंतर ३२० मिमी धरलं तर फ्रंट साइट नॉचमध्ये १ मिमी सरकली की पेलेट (छर्रा) टार्गेटवर साधारण ३१ मिमी सरकतो, म्हणजे मधला दहा थेट सातात. उलट साइट जुळलेल्या असतील आणि अख्खा हातच १ मिमी हलला तर फरकही जेमतेम १ मिमीचा, आणि दहाची रिंग ११.५ मिमीची आहे. हात हलतोच, साइट मात्र जुळलेल्या हव्यात.

आता झिरो, म्हणजे ठरलेला नेम धरला की पेलेट मधोमध बसेल अशी साइट लावणं. पाच शॉट मारा, मधे काहीही फिरवू नका, आणि पाचांचा मध्य शोधा. नियम सोपा आहे, पेलेट जिकडे न्यायचाय तिकडे रिअर साइट न्यायची, ग्रुप खाली असेल तर वर, डावीकडे असेल तर उजवीकडे. घोळ होतो तो स्क्रूवरच्या खुणांचा, काही कंपन्यांची खूण म्हणजे शॉट कुठे जाईल ते, तर काहींची म्हणजे शॉट तिकडे गेला असेल तर इकडे फिरवा. त्यामुळे मॅन्युअल वाचा आणि एकदा स्वतः करून बघा: पाच शॉट, मग एकाच दिशेला दहा क्लिक (स्क्रू फिरवताना जाणवणारे टप्पे), परत पाच शॉट, दोन ग्रुपच्या मध्यांतलं अंतर मोजून दहाने भागा. आपल्या पिस्तूलचा एक क्लिक किती मिमीचा ते कळलं की डायरीत लिहून ठेवा. स्क्रू फिरवताना पिस्तूल रिकामं, तोंड टार्गेटकडेच, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी दोरी) घातलेला.

उजव्या हाताने मारणाऱ्याचे शॉट खाली डावीकडे पसरत जात असतील तर स्क्रूला हात लावू नका, तो बहुतेक ट्रिगरचा झटका असतो. ग्रुप घट्ट आहे पण जागा चुकली, तरच साइट. ग्रिप घासली किंवा नवी लावली तर मात्र झिरो परत तपासा.

मॅचच्या दिवशी १५ मिनिटं तयारी आणि साइटिंगची (न मोजल्या जाणाऱ्या शॉटची) मिळतात, नव्या रेंजचा लाइट वेगळा असतो, तेव्हा घरचा झिरो चार-दोन क्लिक सरकला तर घाबरू नका. मोजणीचे ६० शॉट सुरू झाल्यावरही ग्रुप स्पष्टपणे एका बाजूला बसायला लागला तर क्लिक करा. बरेच जण मॅचमध्ये साइटला हात लावायला घाबरतात आणि नेमच थोडा बाजूला धरून भरपाई करत राहतात, त्यात प्रत्येक शॉटला वेगळा अंदाज होतो आणि ग्रुपच फुटतो. ६० शॉटला ७५ मिनिटं असतात, एक क्लिक करायला पाच सेकंद लागतात.