माशात अळी दिसली तर: साफ करण्यापासून शिजवण्यापर्यंत

बांगड्याचे पोट चिरल्यावर आतड्यावर किंवा यकृतावर घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पांढरट अळी दिसली, तर ती बहुधा अ‍ॅनिसाकिस गटातली असते. उलगडली तर २ ते ३ सेंटीमीटर भरते. तिचे पूर्ण वाढ झालेले जंत डॉल्फिन आणि देवमाशांच्या पोटात राहतात. बांगडा, वाकटी, माकूळ हे तिथपर्यंत पोचण्याचे वाहन. त्यामुळे अळी सापडली म्हणजे मासा शिळा, असे नाही.

मासा मेला की आणि विशेषतः तो गरम राहिला की आतड्यातल्या काही अळ्या मांसात शिरतात, बहुतेकदा पोटाकडच्या पातळ पडद्यात. म्हणून बाजारातून आणलेला मासा संध्याकाळपर्यंत तसाच ठेवू नका. आल्या आल्या पोट चिरा, आतडी न फोडता कल्ल्यांसकट ओढून काढा, आतली काळी त्वचा खरवडा, धुऊन लगेच बर्फात किंवा फ्रीजमध्ये ठेवा. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला किंवा मालवणला मासे कापून घेत असाल, तर पोट आतून साफ करायलाही सांगा. बांगडा, तारली गार ठेवण्याला आणखी एक कारण आहे: उष्म्यात राहिल्यास त्यांत हिस्टामिन (अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारे रसायन) तयार होते, आणि ते कितीही उकळले तरी जात नाही. कोकणात मला अळीपेक्षा याचीच जास्त काळजी वाटते.

सुरमईच्या काट्याविरहित तुकड्या उजेडासमोर धरून पाहा. अळी दिसली तर सुरीच्या टोकाने काढा, आजूबाजूचे थोडे मांसही टाका. मांसात काही मिलिमीटरच्या पांढऱ्या लांबट गाठी मिळतात, त्या बहुधा दुसऱ्याच, पट्टकृमींच्या (टेपवर्म) असतात. त्या माणसात वाढत नाहीत, फक्त किळस येते. बांगड्याच्या कल्ल्यात किंवा तोंडात बसलेला पायांचा किडा कोळंबीच्या दूरच्या नात्यातला. तो काढून टाकला की मासा खायला हरकत नाही.

शिजवताना मधल्या भागाचे तापमान ६० अंश सेल्सिअसवर किमान एक मिनिट राहिले पाहिजे. थर्मामीटर नसेल तर जाड भागात काटा घाला: मांस मणक्यापासून सहज सुटले, काचेसारखे न राहता पांढरे झाले आणि मणक्याजवळ लाल रक्त उरले नाही, की झाले. उकळत्या कालवणात अडीच सेंटीमीटर जाड तुकडीला साधारण १० मिनिटे धरा. फसगत होते ती भरलेल्या बांगड्यात आणि जाड तुकडी मोठ्या आचेवर तळताना. वरचा रवा खरपूस होतो, आत कच्चेच राहते. आच मध्यम ठेवा, झाकण घाला.

कोकम, आगळ, लिंबू, व्हिनेगर, मीठ, हळद यांनी अळी मरेल असे धरून चालू नका. लिंबात मुरलेले मांस पांढरे दिसते, कारण आंबटपणाने प्रथिने घट्ट होतात. अळीचे कवच मात्र टिकते. कच्चा किंवा अर्धकच्चा मासा खायचाच असेल तर आधी उणे २० अंशांवर ७ दिवस गोठवलेला हवा. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा सहसा एवढा थंड होत नाही. सुशी मागवताना मासा कसा गोठवला आहे ते हॉटेलला विचारा.

कच्चा मासा खाल्ल्यावर काही तासांत पोटात जोरात कळा, मळमळ, उलटी सुरू झाली तर डॉक्टरांना काय खाल्ले ते आधी सांगा. दुर्बिणीने अळी थेट काढता येते. अंगावर गांधी उठतात त्यांनी वेगळे लक्ष द्यावे. अळीची काही प्रथिने उष्णतेने नष्ट होत नाहीत, त्यामुळे नीट शिजवलेल्या माशानेही अ‍ॅलर्जी येऊ शकते. श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट दवाखाना गाठा.

पावसाळ्यात ओहोळातले खेकडे पकडून त्यांचे पाय वाटून रस काढणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांत फुफ्फुसात जाणारा चपटा कृमी असू शकतो. ईशान्य भारतात त्याचे रुग्ण आढळले आहेत. गाळलेला रस कालवणात घालून खळखळ उकळा, त्याआधी चव घेऊ नका. आणि तोच मिक्सरचा डबा, गाळणी, विळी साबणाने व गरम पाण्याने धुतल्याशिवाय त्यात चटणी वाटू नका.