थंडीतील रग्बी सरावात मुलांना रांगेत उभे ठेवू नका

हिवाळ्यातील सरावात मुले गारठतात ती धावताना नव्हे, तर रांगेत आपली पाळी येण्याची वाट पाहत उभी असताना. वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्यांपेक्षा अधिक असल्याने त्यांच्या शरीरातील उष्णता लवकर निघून जाते. म्हणून एकच लांब रांग लावण्याऐवजी तीन-चार मुलांचे गट करावेत, प्रत्येक गटाला स्वतंत्र चेंडू द्यावा आणि नवे कौशल्य समजावण्यात अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ घालवू नये. सुरुवातीची 10 ते 15 मिनिटे चेंडू हातात घेऊनच शिवाशिवीसारखे खेळ खेळावेत, कारण बोटे बधिर असताना साधा पासही हातातून निसटतो आणि मूल उगीचच हिरमुसते. टॅकलचा, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून खाली पाडण्याचा, सराव अंग चांगले तापल्यावरच घ्यावा. त्याआधी मैदानात जागोजागी, विशेषतः सावलीच्या कोपऱ्यांत, बुटाची टाच दाबून पाहावी. जमीन गोठल्यामुळे टाच रुतत नसेल, तर त्या दिवशी टॅकलचा सराव रद्दच करावा, यात तडजोड नको. एखादे मूल गप्प झाले, थरथरू लागले किंवा त्याला बुटाची नाडीही बांधता येईना, तर त्याला ताबडतोब आत नेऊन त्याचे ओले कपडे बदलावेत. त्यासाठी प्रत्येकाच्या पिशवीत कोरडे कपडे, मोजे आणि टोपी असायलाच हवी.